विहिरीजवळच्या संत्र्याची साल

वर्धा,
६ जुलै २००३

सौ. वहिनींस नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, बाईसाहेबांना आज बरी आठवण झाली. काम आहे म्हणूनच लिहिते आहे, आधीच कबूल करून टाकते. मला आपल्या परसातल्या विहिरीजवळच्या संत्र्याखाली पडलेली हिरवी फळं हवी आहेत. सुपारीएवढी, लिंबाएवढी, जी सापडतील ती. या दिवसांत गळ पडतेच आणि ती तुम्ही झाडून उकिरड्यावर टाकता, हे मला ठाऊक आहे. फक्त त्याच एका झाडाची पाठवा. त्याच्यावर आपण कधी फवारा मारला नाही. दादा व्यापारासाठी जे बगीचे घेतो तिथली नकोत.

तुम्ही नेहमी विचारता ना, पोरांना शिकवून झाल्यावर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत काय करते? तर मी उंदीर बिघडवते. महिना-दोन महिने साखरेचं पाणी पाजलं की त्यांचं अगदी आपल्यासारखं होतं. पोट सुटतं, रक्तदाब चढतो, साखर बिघडते, रक्तात चरबी वाढते. ही चौकडी एकत्र जमली की तिला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि ती थेट हृदयावर घाला घालते. कच्च्या संत्र्याच्या सालीत फ्लेव्होनॉइड नावाचे पदार्थ भरपूर असतात. झाड ते स्वतःसाठी बनवतं, ऊन आणि कीड यांच्यापासून वाचायला. त्या पदार्थांनी माझे बिघडलेले उंदीर थोडे तरी सुधारतात का, एवढंच मला बघायचं आहे.

आता दुसरं काम, आणि हे पहिल्यापेक्षा मोठं. दादाचं रक्त तपासून घ्या. त्याला चव्वेचाळीसावं लागलं. मला तो आकडा लिहितानाही कसंतरी होतं. बाबा चव्वेचाळीसाव्या वर्षी संत्र्याच्या लिलावात उभे होते, खाली बसले आणि उठलेच नाहीत. नानाजी काकाही त्याच वयात गेले. दोघांचीही पोटं सुटलेली होती आणि घरात सगळे त्याला भरल्या घराचं लक्षण म्हणायचे.

एक सोपी गोष्ट करा. दादाच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती दुहेरी करा आणि त्याच्या पोटाभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली तर त्याचं काही ऐकू नका, ओढत डॉक्टरकडे न्या.

सपनाला आत्याचा आशीर्वाद सांगा.

तुमची
रक्षा


आष्टी,
१९ जुलै २००३

प्रिय रक्षाताई,

तुमची गळ पोत्यात भरून वर्ध्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली आहे, स्टँडवरून घेऊन या. सपनाने फळं वेचली आणि मला विचारते, "आई, आत्या उंदरायसाठी लोणचं घालून राह्यली का?" कॉलेजात पगार घेऊन कोणी उंदीर सांभाळतं, यावर तिचा अजून विश्वास बसत नाही. माझाही अर्धाच बसला आहे.

सुतळीचं तुम्ही लिहिलंत तसं केलं. हे म्हणाले, "मी काय बाजारातला बैल आहो का, मले मापून राह्यली?" टोकं चार बोटं दूर राहिली. मग त्यांनी पोट आत ओढलं, तरी दोन बोटं राहिलीच. मी हसले. ते हसले नाहीत, तेव्हा मला कळलं की हा माणूस आधीच घाबरलेला आहे.

रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर एकशे ब्याऐंशी, बीपी एकशे साठ आणि शंभर. चरबीच्या आकड्याखाली डॉक्टरांनी लाल रेघ ओढली. साखरेची गोळी दिली, बीपीची दिली. तुमची चौकडी आमच्या घरी मुक्कामालाच आहे, रक्षाताई.

दुकानात बाबांचा फोटो होता ना, गल्ल्यावर? तो यांनी काढून आतल्या खोलीत उलटा ठेवला. मी विचारलं तर म्हणतात, "त्याच्याकडे पाह्यलं का मले माझंच तोंड दिसते." दुपारी जेवून पडले की छातीवर हात असतो. विचारलं की गॅस. मीही गॅस म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासते.

तुमचं पत्र यांनीच उघडलं होतं. सालीबद्दल लिहिलेलं दोनदा वाचलं. म्हणून यापुढचं पत्र शेजारच्या सुलोचनाबाईंच्या पत्त्यावर टाका. त्या शाळेत शिकवतात, दुसऱ्याचं पाकीट उघडत नाहीत. फोन करू नका. फोन दुकानात आहे आणि दुकानात हे आहेत.

तुमची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहीतच नाही. एकट्या राहता, वेळेवर जेवता तरी का?

तुमची
रुख्मिणी


वर्धा,
४ ऑगस्ट २००३

वहिनी,

पोतं मिळालं. एक फळ किडकं नाही, सपनाला माझ्याकडून शाबासकी.

आज मला कोणालातरी सांगायचंच आहे आणि इथे ऐकायला उंदरांशिवाय कोणी नाही. गेल्या वर्षी तुमच्याच झाडाची साल आणली होती, तिचा अर्क पाजलेल्या पहिल्या तुकडीचे आकडे आले. साखरेचं पाणी सगळ्यांनाच दिलं होतं. पण ज्यांना अर्क मिळाला त्यांची चरबी कमी आहे, साखर कमी आहे, अंगावर तकाकी आहे. मी आकडे तीन वेळा तपासले. वहिनी, आपण लहानपणापासून गर खाल्ला आणि औषध फेकून दिलं! सगळा गुण सालीत होता.

आता शेवटचं नीट वाचा. हे उंदीर आहेत. किती अर्क द्यायचा, किती दिवस, कोणाला चालेल आणि कोणाला नाही, यातलं काहीही मला माणसाबद्दल माहीत नाही. पुढची बरीच वर्षं माहीत होणारही नाही. दादाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. खरं तर त्याला यातलं काही सांगूच नका.

मी ठणठणीत आहे. रोज सकाळी उंदरांना औषध पाजायचं असतं म्हणून दोन महिने कुठे हलता येत नाही, एवढंच दुखणं.

रक्षा


आष्टी,
२२ ऑगस्ट २००३

प्रिय रक्षाताई,

तुम्ही सांगू नका म्हणालात आणि मी सांगितलं. दोन दिवस ते अर्धं ताट टाकून उठत होते. वाटलं, बहिणीचे उंदीर सुधारले हे ऐकून जरा हसतील. हसले, खूप हसले. सपनाला जवळ घेऊन म्हणाले, "तुह्या आत्यानं मले वाचवलं." त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की पुढचं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर साल वाळत पडली होती. आता मिक्सरमधून काढलेली पूड बरणीत आहे. सकाळी चमचाभर, संध्याकाळी चमचाभर, कोमट पाण्यातून. मी जिभेला लावून पाहिली, जहर कडू. "कडू आहे म्हंजेच औषध आहे," असं यांचं म्हणणं. गोळ्याही घेतात, मी समोर उभी राहून देते.

पण आता चार-पाच दिवस झाले, एक नवीनच सुरू झालं आहे. दुकानात बसल्या बसल्या घाम फुटतो. हात थरथरतात. परवा साखर तोलताना मापातून अर्धी खाली सांडली. मी घाबरले, आणि हे खुशीत. म्हणतात, "पाह्य, साखर उतरून राह्यली. रक्षाच्या उंदरायले बी असंच झालं असन." गिऱ्हाइकालाही सांगतात. घाम पुसतात आणि सांगतात.

खरंच साखर उतरली की असं होतं का? तुम्हीच सांगा. मला त्यांच्या हसण्याचीच जास्त भीती वाटते.

इकडे बगीच्यांवर कोळशी आली आहे, पानं काळी पडली. आपल्या बगीच्यांचं काम बघणारे नत्थूजी आणि त्यांची माणसं रोज फवाऱ्यावर आहेत. हेही तिथे उभे असतात, यांच्या शर्टाचा वास दोनदा धुतला तरी जात नाही. तुमच्यासाठी दुसरं पोतं कालच्या गाडीने पाठवलं. विहिरीजवळचं झाड आता अगदी मोकळं झालं, खाली एक फळ उरलं नाही.

लवकर लिहा.

रुख्मिणी


वर्धा,
२७ ऑगस्ट २००३

वहिनी,

पत्र आत्ता हातात पडलं. उभ्या उभ्याच लिहिते आहे.

हो, साखर एकदम खाली गेली की असाच घाम येतो आणि हात कापतात. पण ती आनंदाची गोष्ट नाही, ती धोक्याची आहे. गोळी साखर खाली आणते. सालीचाही तसा परिणाम होत असेल तर दोन्ही मिळून फार होतं. माणूस बेशुद्ध पडतो. साल आजच्या आज बंद करा. बरणी उकिरड्यावर उलटी करा. दादाच्या खिशात साखरेची पुडी ठेवा, घाम आला की लगेच तोंडात टाकायला सांगा. आणि डॉक्टरांना सगळं सांगा, सालीसकट. लाजू नका.

माझंच चुकलं. मी कसल्या हुरळल्या भाषेत लिहिलं ते मला आता आठवतं आहे. त्याला म्हणावं, रक्षा म्हणते उंदीर वेगळे, माणूस वेगळा. ऐकेल का तो?

तुमची
रक्षा


आष्टी,
९ सप्टेंबर २००३

रक्षाताई,

नाही ऐकलं. म्हणजे ऐकलं, पण त्यांच्या पद्धतीने. मी तुमचं पत्र पुढे ठेवलं, लपवण्यात आता काय अर्थ होता. वाचून म्हणाले, "दोन्ही मिळून जास्त होते ना? मंग एक सोडतो." आणि गोळी सोडली. साल ठेवली. "गोळी जनमभर खा लागते, सालीनं रोग जाते." वर चमचा दोनदाचा तीनदा केला. मी बरणी लपवली तर दुसरी भरून आणली. मी रडले, भांडले, सपनाने अबोला धरला. ते म्हणाले, "मले दिवाळी पाहू दे, मंग बोल." बाबा दिवाळीच्या आधी गेले होते, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही.

आता गोळी नाही, तरी घाम थांबत नाही. साखरेची पुडी तोंडात टाकते, तरी थांबत नाही. दोन-दोन, तीन-तीन पुड्या देते. उलट्या होतात. तोंडातून लाळ गळते, उशीचा अभ्रा रोज बदलावा लागतो. डोळ्यांतून सारखं पाणी. काल गिऱ्हाइकाला पन्नासच्या जागी पाचशेची नोट परत दिली, म्हणाले धुकं दिसते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. आणि एक गोष्ट सांगू का, तुम्ही हसाल. यांच्या डोळ्यांतली बाहुली बारीक झाली आहे, मोहरीच्या दाण्याएवढी. अंधाऱ्या खोलीत मी कंदील दूर ठेवून पाहिलं, तरी तेवढीच. आमच्या मांजराची अंधारात किती मोठी होते. माणसाची होत नाही का?

इथले डॉक्टर गावाला गेले आहेत, कंपाउंडरने पित्ताची पुडी दिली. मला वाटतं, बाबांचं दुखणंच आलं आहे आणि ते दारात उभं आहे. रात्रंदिवस मी त्यांचा श्वास ऐकत असते.

साल स्वच्छ नसेल असं मनात आणू नका. मी स्वतः दोन पाण्यांनी धुऊन वाळत घालते. विहिरीजवळची सगळी फळं तुमच्या पोत्यात गेली, म्हणून हे बगीच्यातली गळ आणतात. तिथे सडा पडला आहे.

काय करू ते लिहा. मला काही सुचत नाही.

रुख्मिणी


वर्धा, दवाखान्याच्या फाटकात
१२ सप्टेंबर २००३

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुम्ही गाडीतून उतराल तेव्हा तुमच्या हातात देईन, किंवा फाडून टाकेन. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे, नाहीतर मी या फाटकाचे गज मोजत वेडी होईन.

तुमचं पत्र आज सकाळी अकरा वाजता आलं. बाहुलीपर्यंत वाचलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. साखर उतरली तर बाहुली मोठी होते, वहिनी, बारीक होत नाही. लाळ गळत नाही. मग खालची ओळ वाचली, बगीच्यातली गळ. फवाऱ्याचं विष अंगात भिनलं की नेमकं हेच सगळं होतं.

आपल्याकडे साल कोणी खात नाही. म्हणून फवारताना कोणी विचारही करत नाही. फवारा सालीवर बसतो, आपण साल सोलून फेकतो, गर खातो, झालं. पिढ्या तशाच गेल्या. मी एका पत्रात लिहिलं की गुण सालीत आहे, आणि जे फेकायचं होतं तेच दादाने महिनाभर वाटून प्यायलं. ते विष तेलात विरतं, दोन पाण्यांनी काय जाणार? आणि हिरव्या सालीत तेलच तेल असतं.

फोन दादानेच उचलला. मी तुम्हाला बोलवायला सांगणार होते. त्याचा आवाज ऐकला, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा, आणि सगळं त्यालाच सांगून टाकलं. म्हटलं, दादा, ती साल नाही, तू फवारा पितो आहेस. फोनमधून त्याच्या छातीतली ती शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाला, "मंग तुही उंदरं कशी वाचली?"

मी म्हटलं, त्यांना विहिरीजवळची दिली, दादा. 

त्यावर तो "बरं" म्हणाला. नुसतं "बरं". वहिनी, मी तो शब्द कुठे ठेवू?

नत्थूजींनी संत्र्याची मेटॅडोर काढली हे तुम्ही फोन घेऊन सांगितलंत तेव्हा जिवात थोडा जीव आला. वाटेतल्या आर्वीच्या सरकारी दवाखान्यात मी फोन केला आहे, तिथे विषावरचं पहिलं इंजेक्शन द्यायला सांगितलं आहे. इथल्या डॉक्टरांना भेटून आले, ते तयार आहेत. आता आर्वी सुटली असेल. पुलाजवळ रस्ता खराब आहे. नत्थूजी नीट चालवतील ना?

मला आता बाबांचा चेहरा आठवत नाही. आठवायला गेलं की दादाचा येतो. तो वाचला पाहिजे, बस्स. माझे सगळे उंदीर मेले तरी चालतील, माझे कागद कोणी चुलीत घातले तरी चालतील.

एक पांढरी गाडी येते आहे. नाही, ती तुमची नाही.


आष्टी,
६ ऑक्टोबर २००३

प्रिय रक्षाताई,

तुमचं ते फाटकातलं पत्र मी परतीच्या गाडीत वाचलं, तेव्हा हे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते. वाचून झाल्यावर त्यांच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. आता ती सवयच लागली आहे.

आम्ही सुखरूप आहोत. घाम नाही, शिट्टी नाही. बाहुली पूर्वीसारखी झाली, मी रोज कंदील घेऊन बघते आणि हे ओरडतात, "डोये फोडतं का माहे?" ओरडले की मला बरं वाटतं. गोळ्या सुरू आहेत. दवाखान्यात भरती केलं तेव्हा साखर तीनशेच्या वर होती, हे तुम्हालाही आठवत असेल. मी पुड्यांवर पुड्या तोंडात घालत होते त्याच माणसाच्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर... मी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही.

ज्या दिवशी तुमचा फोन आला त्या दिवसाचं एक तुम्हाला ठाऊक नाही, ते सांगते. मी आतून धावत आले तोवर यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला होता. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, घामाने शर्ट चिंब. आणि मला म्हणतात काय, "रक्षा रडून राह्यली, तिले समजाव." स्वतःचं काही नाही. तुम्ही तो "बरं" कुठे ठेवू म्हणून विचारलंत ना? त्याच्याजवळ हे ठेवा.

बाबांचा फोटो पुन्हा गल्ल्यावर लागला आहे. हार मीच घातला. हे रोज सकाळी बाजारापर्यंत पायी जातात, वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगतात की संत्र्याची साल खाऊ नका. कोणी खातच नाही, लोक चक्रावून बघतात. सुतळीची टोकं आता तीन बोटांवर आली. पोट आत न ओढता.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

दवाखान्यात तुम्ही मला तुमची पर्स दिली होती, औषधाचे पैसे काढायला. तिच्यात तळाशी एक डबी होती, झाकणावर चिकटपट्टी. मी उघडली. सालीचा तो वास आता मला झोपेतही ओळखता येतो. पूड अर्ध्यावर आली होती. तुमच्या उंदरांच्या औषधाचं पर्समध्ये काय काम, रक्षाताई?

मी त्या दिवशी विचारलं नाही, कारण एका वेळी एकाचीच भीती मला झेपत होती. मग घरी आल्यावर एकेक आठवत गेलं. तुम्ही बाबांच्या पोटाबद्दल लिहिलंत, काकांच्या पोटाबद्दल लिहिलंत. स्वतःबद्दल दरवेळी ठणठणीत. जिना चढून वॉर्डात आलात की खुर्ची शोधायच्या. तुम्ही बाबांची मुलगी नाही का? तुम्हालाही एकेचाळीस झाली.

हे सगळं मी यांना सांगितलं आहे. आता या घरात लपवाछपवी बंद. ते शेजारी बसले आहेत आणि म्हणतात, "तिले लिहिजो का भाऊ अडाणी होता, त्यानं फवारा पेला. तू शिकली आहे, तू काऊन चोरून खाते? आधी रक्त तपासजो म्हणा." पुढे आणखी बोलले ते मी लिहीत नाही, ते काळजीने दिलेल्या शिव्या होत्या.

सोबत सुतळी पाठवते आहे. मोठी आहे, तुमच्या उंचीएवढी कापून घ्या. कसं मोजायचं ते तुम्हीच मला शिकवलंत.

तुमची
रुख्मिणी


वर्धा,
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय दादा आणि वहिनी,

हे पत्र मी दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. सुलोचनाबाईंना म्हणावं, फार त्रास दिला.

सुतळी चार दिवस टेबलावर पडून होती. मी तिच्यावर पुस्तक ठेवलं, मग पुस्तकावर दुसरं पुस्तक. आज दार लावून मोजलं. पोट आत ओढलं नाही. टोकं सहा बोटं दूर राहिली. दादा, तुझ्या पहिल्या मापापेक्षा दोन जास्त.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मागच्या वर्षी कॉलेजात सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा माझं बीपी बघून नर्सने पुन्हा या म्हणून सांगितलं होतं. मी गेले नाही. साखर तपासलीच नाही. ज्या चौकडीवर मी वर्गात तास घेते, ती माझ्याच घरी राहते आहे हे कागदावर लिहून हवं नव्हतं. त्यापेक्षा डबीतली पूड सोपी होती. ती खाल्ली की वाटायचं, काहीतरी चाललं आहे. वहिनी, तुम्ही दादाबद्दल लिहायच्या, "हे खुशीत आहेत", तेव्हा मी मनातल्या मनात त्याला वेडा म्हणायचे आणि संध्याकाळी घरी येऊन डबी उघडायचे. माझी साल स्वच्छ झाडाची होती. आमच्यात फरक तेवढाच.

अर्काचं काम मी सोडणार नाही. त्यात काही असेल तर ते एक दिवस नीट सिद्ध होऊन गोळीसारखं मापात मिळेल, कदाचित मी म्हातारी झाल्यावर. तोवर ती उंदरांची गोष्ट आहे. डबी आज मी प्रयोगशाळेत परत ठेवली.

उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाते. ज्या दवाखान्याच्या फाटकात तुमची वाट बघत उभी होते, तिथेच. त्या दिवशी मी घाबरले होते, पण घाबरायला तुम्ही होतात. उद्या माझ्या एकटीच्या नावाचा कागद असेल आणि त्यावर काय आकडा येईल याची मला भीती वाटते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुमच्यापासून लपवायचं आता काही उरलं नाही.

रिपोर्ट शनिवारी मिळतो. तो हातात घेऊन मी पाकीट न उघडता समोरच्या बूथवरून दुकानात फोन करणार आहे. तुम्ही दोघं ऐकत असाल तेव्हाच उघडीन.

दादा, फोन तूच उचल.

रक्षा